डमीतले शब्द

मी इयरबुकची डमी बोलतेय. शाळेचं वर्षभराच्या फोटोंचं पुस्तक तुम्ही पाहिलं असेल, मला पाहिलं नसेल. छापण्याआधी कोरे कागद दुमडून, मधोमध स्टेपल मारून, कुठल्या पानावर काय येणार ते माझ्यावर आखून बघतात. पुस्तक छापून आलं की माझं काम संपतं.

मला चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या एका शाळेत वादिराज सरांनी केलं. सर तंजावरकडचे मराठी. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर तमिळ आणि तांबरमच्या घरी जुनी मराठी बोलणारे. मुलांना कळावेत म्हणून त्यांनी लाल पेन्सिलीनं या कामाचे शब्द माझ्यावर लिहिले. कडेची मोकळी जागा म्हणजे मार्जिन. फोटोची नको ती कड कापणं म्हणजे क्रॉप. फोटोत कोण आहे ते खाली सांगणारी ओळ म्हणजे कॅप्शन. दोन पानं मधे जुळतात ती घडी म्हणजे गटर. यावर मुलं हसली.

"हसू नका," सर म्हणाले. "तिथे आलेला चेहरा शिवणीत गडप होतो. कुणाचंही पोर गटरमध्ये जाता कामा नये."

पुस्तक छापून आलं आणि त्याच आठवड्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. हात थोडाफार सुधारला, वाचा मात्र गेली.

बारावीतली क्षमा त्या पुस्तकाची संपादक होती. सरांचं टेबल आवरताना मी सापडले, तशी ती मला घेऊन तांबरमला आली. "काकू, सरांना दाखवा. त्यांचीच आहे," ती सरांच्या बायकोला, कामाक्षीला म्हणाली.

सरांचं बोट लाल अक्षरांवरून बराच वेळ फिरत राहिलं. मग ते म्हणाले, "मार्जिन."

कामाक्षी दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. आजारपणानंतर तिनं ऐकलेला हा पहिला शब्द.

वाटलं, आता पाणी येईल, भात येईल, मुलाचं नाव येईल. काही आलं नाही. माझ्यावरचे तेवढे शब्द आले. मग कामाक्षीच ते शिकली. मार्जिन म्हटलं की सरकून जागा द्यायची. क्रॉप म्हटलं की नखं कापायची. गटर म्हटलं की ते घाबरलेत, हात धरायचा.

मुलगा विश्वेश पेरुंगुडीहून रविवारी यायचा आणि दुरुस्त करायचा. "अप्पा, क्रॉप नाही. नखं. म्हणा, नखं." सर तोंड मिटून घ्यायचे.

"राहू दे रे," कामाक्षी म्हणायची. "अम्हाला कळतं."

एकदा क्षमा मैत्रिणींना घेऊन आली. सर सगळ्यांकडे बघून हसत होते, पण ओळख पटत नव्हती. कामाक्षी खुर्चीशेजारी उभी राहून हळूच सांगू लागली, "ही क्षमा. ही सहाना. ही श्रीरंजनी."

सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "कॅप्शन," ते म्हणाले.

मुली हसल्या, कामाक्षीही हसली. लग्नापासून सरांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती, नुसतं 'अगे' म्हणायचे. आता दिवसभर हाक यायची, कॅप्शन. ती हातातलं काम टाकून जायची.

पोंगलनंतर दुसरा झटका आला. हॉस्पिटलमधून ती एकटीच परतली. शेजारणीला सांगत होती, "गटर, गटर म्हणत होते. नर्सला काय कळणार? मी हात सोडला नाही."

काल विश्वेश तिला पेरुंगुडीला न्यायला आला. सामान बांधताना त्यानं मला उचललं. माझे स्टेपल गंजलेत, पेन्सिल पुसट झालीय.

"अम्मा, हे रद्दीत देऊ?"

"नक्को."

"पण कोरीच पानं आहेत. काय आहे यात?"

मला त्याच्या हातातून घेऊन तिनं आपल्या पिशवीत साड्यांमध्ये ठेवलं.

तुमच्या घरी कुणाची भाषा अशी गेली, तर उरलेले चार शब्द दुरुस्त करू नका. शिकून घ्या. आमच्या घरातली ती भाषा जाणणारी आता कामाक्षी आणि मी, दोघीच. तुमच्याशी बोलले, तसं तिच्याशी बोलता आलं असतं तर.