जड चापाची रायफल

मी रायफल बोलतेय. दचकू नका, रिकामी आहे. गोळ्या माझ्या मालकाच्या, शरच्चंद्राच्या खिशात असतात आणि खिशाला बटण लावलेलं असतं.

तशी मी शिकारीची, पण स्वस्तातली. दुकानात माझ्या शेजारी विलायती बंदुका होत्या. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक हळू आवाजात बोलायचं आणि माझ्यापुढे आल्यावर विचारायचं, "टिकेल ना?" आता बघा म्हणावं. पंचविशी उलटून गेली, नळीला गंज नाही, लाकडाला कीड नाही. दस्त्याला एक चीर आहे तेवढी.

दोष एकच, माझा चाप जड आहे. ओढायला गेलं की आधी हलतच नाही, मग जरासा सरकतो, अडखळतो, आणि तोवर माणसाचा नेम भलतीकडेच गेलेला असतो. शरच्चंद्राचे वडील, जयंतराव, मला हौसेने घेऊन रानडुकराच्या मागे गेले आणि हात हलवत परत आले. "चाप आहे की जुनं कुलूप!" असं सगळ्यांना सांगत सुटले. पुढे शिकारीवरच बंदी आली आणि माझी अब्रू वाचली.

मग मी उज्जैनला माधव नगरच्या घरात कपाटावर पडून राहिले. पण खंडेनवमीला मात्र माझा थाट असे. या घराण्यातलं कुणीतरी कधीकाळी दरबारात होतं, त्यामुळे शस्त्रपूजा चुकायची नाही. घरची सून, शरच्चंद्राची बायको मीरा, मला ओल्या फडक्याने पुसायची, पाटावर ठेवायची, कुंकू लावायची. दस्त्याच्या चिरेत ते कुंकू इतकं बसलंय की आता निघायचं नाव घेत नाही. वर्षभर मी त्या एका दिवसाची वाट बघायचे.

जयंतराव गेले, लायसन्स शरच्चंद्राच्या नावावर झालं. तो कापड गिरणीत टाइमकीपर होता. नवा जमाना आला, नवा जमाना आला, असं लोक म्हणत होते, तेवढ्यात गिरणीला टाळं लागलं. पन्नाशीच्या माणसाला कोण घेणार? माणिक नावाचा एक जण सिक्युरिटी एजन्सी चालवायचा, त्याने घेतलं. त्यालाही शरच्चंद्र नकोच होता, मी हवी होते. सराफाच्या दारावर स्वतःची लायसन्सवाली बंदूक असलेला गार्ड त्याला पाहिजे होता.

"चाप घासून हलका करून घ्या, शरद बाबू," माणिक म्हणाला. "मिस्त्री इथेच आहे, फ्रीगंजात."

"नको. दारात बायकापोरं येतात. जडच बरा."

माझ्या चापाला कुणीतरी बरा म्हणालं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

घरी त्याने सांगितलं, फ्रीगंजात सराफाच्या पेढीवर हिशोबाचं काम मिळालंय, पंख्याखाली टेबल आहे. आणि रायफल? ती निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केली. यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं, निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जातात. पहाऱ्यावरच्या बंदुकांना सूट असते, ते मीराला कुठून माहीत असणार?

तेव्हापासून आम्ही दोघं सराफाच्या काचेच्या दारापाशी उभे असतो. इस्त्रीचा शर्ट घालून तो घरून निघतो, एजन्सीत वर्दी चढवतो. रात्री मला तिथल्याच लोखंडी कपाटात कोंडतात. येणारा माणूस आधी मला बघतो, मग दागिने बघतो. शरच्चंद्राला कुणी बघत नाही. "भैया, दरवाज़ा," एवढंच. मग तो माझ्याशी बोलतो, अगदी पुटपुटत. त्याला दुसरं आहे कोण? आणि मला तरी कोण आहे?

त्या उन्हाळ्यात लूचा तापलेला वारा असा सुटला होता की त्याने डोक्यावर टोपी आणि नाकापर्यंत गमछा गुंडाळला होता. रिक्षातून दोन बायका उतरल्या. एक मीरा, दुसरी तिची इंदूरची बहीण अहल्या. अहल्याला बाळीची कडी जोडून घ्यायची होती. शरच्चंद्राचा हात माझ्या पट्ट्यावर असा आवळला गेला की पट्टा करकरला. पण गार्ड दार उघडणारच. त्याने उघडलं.

अहल्या सरळ आत गेली. मीरा थांबली. तिची नजर माझ्या दस्त्यावर आली, चिरेतल्या कुंकवावर. मग ती हळूहळू वर गेली, टोपीपर्यंत. मी म्हटलं, संपलं आता सगळं.

मीरा म्हणाली, "धूप बहुत है। छाँव में खड़े रहिए।"

"जी," तो म्हणाला.

"कुणाशी बोलत होतीस गं?" आतून अहल्याने विचारलं.

"कुणाशी नाही. गार्ड होता."

दार लागलं. शरच्चंद्राने एवढा मोठा श्वास सोडला. "ओळखलं नाही गं तिने! हिंदीत बोलली माझ्याशी. वीस-बावीस वर्षांत घरात एक शब्द हिंदीत बोलली नाही ती माझ्याशी. म्हणजे नाहीच ओळखलं."

अरे खुळ्या! अख्खं उज्जैन तुला भैया म्हणतं. ती म्हणाली का भैया? मी ऐकत होते, नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून डब्यासोबत पन्ह्याची बाटली येऊ लागली. "पंखा असला तरी उन्हाळाच आहे म्हणते," तो मला कौतुकाने सांगतो. रोज रात्री ती त्याच्या पायांना तेल चोळते. खुर्चीवर बसूनही पाय भरून येतात म्हणे. हे सांगताना तो हसतो, आणि मला रडावंसं वाटतं.

नवमी आली. मला वाटलं, आता तरी मला घरी मागवतील. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तिने विचारलंसुद्धा नाही. ठाण्यात आहे ना, राहू दे म्हणाली. विळी आणि कातरीची पूजा केली." त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं होतं. माझी मात्र नवमी गेली. मी घरी गेले की त्याचं खोटं उघडं पडेल, म्हणून मीराने मला बाहेरच ठेवलंय. तिचा राग करू म्हटलं तरी करवत नाही.

त्याला वाटतं तिला माहीत नाही. तिला वाटतं, आपल्याला कळलंय हे त्याला कळलं तर तो मान वर करणार नाही. दोघं एकाच ताटापुढे बसतात आणि एकेकटे असतात. मी तर कपाटात कोंडलेली, माझं काय सांगायचं?

तुम्ही फ्रीगंजात आलात तर काचेच्या दाराचं ते दुकान शोधा. तो तुमच्यासाठी दार उघडेल. माझ्याकडे बघू नका, त्याच्या तोंडाकडे बघा आणि सांगा, तुमच्या घरी सगळं ठाऊक आहे. त्या दिवशीच ओळखलं होतं त्यांनी. आता वर्दीतच घरी जा आणि या रायफललाही घेऊन जा.

मी सांगितलं असतं हो. पण मला एकच आवाज काढता येतो, आणि तो इथे काढून चालत नाही.