सुगरणीची पारख

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबू लागली की झुंबरबाईचं पाणी भरणं लांबायचं. लोक सुगरण सुगरण म्हणून बाईला मान देतात, पण घर विणतो तो नर. हळद लागल्यासारखा पिवळाधमक होऊन अर्धंच घर विणतो आणि मादी आली की त्याला लोंबकळून पंख फडफडवत नुसता गलका करतो. ती मात्र भुलत नाही. आत शिरते, काड्या चोचीने ओढून बघते आणि मनाला आलं नाही तर सरळ उडून जाते. मग गडी ते घर टाकून दुसरं विणायला घेतो. पसंत पडलं तर पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा शेजारच्या फांदीवर दुसरीसाठी घर मांडतो, म्हणजे त्याचंही काही खरं नाहीच. पण निदान आधी तिला काड्या ओढून बघू तरी देतो, असं झुंबरबाईच्या मनात यायचं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून साहेबांनी मोठ्या कचेऱ्या नागपूरला नेल्या, पण वडनेर भोलजीत सोयरीक जुळवायची रीत काही कोणी बदलली नव्हती. मुलीचा बाप घर बघायला येतो. श्रावणात जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात उभं असतं, तेव्हा ज्याची कणगी भरलेली तो खरा खाऊनपिऊन सुखी. म्हणून तिच्या नवऱ्याने, कडूबाने, कणगीत भुसा दाबून भरला आणि वर टोपलीभर ज्वारी पसरली. शेजारच्या जब्बारभाईची बैलजोडी मागून आणून गोठ्यात बांधली. पोरगा इंद्रभान दुसऱ्याचा फेटा बांधून ओट्यावर बसला. अंगापिंडाने तो बरा होता, पण औताला हात लाव म्हटलं की त्याची कंबर दुखायची. झुंबरबाईने तोंड उघडलं तर तिची खैर नाही, असं कडूबाने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

तिचं स्वतःचं लग्न याच घरात, याच कणगीच्या जोरावर झालं होतं. अंगाची हळद उतरायच्या आत मागून आणलेले बैल परत गेले, आणि कणगीत हात घालते तर भुसा. माझ्या भोळ्या बापाला फसवलं, म्हणून तिने सासूला मनातल्या मनात जन्मभर शिव्या घातल्या. बाप भेटायला आला की ती उपाशीपोटीसुद्धा हसत वावरायची. त्याच्या जिवाला लागू नये, एवढंच तिला वाटायचं.

धामणगाव बढ्याचे रामराव दुपारी आले. त्यांना मोठ्या पोरीचं, तानूचं, जमवायचं होतं. बैलांच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, इंद्रभानला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कडूबाने मोठ्या दिमाखात कणगीचं झाकण काढलं. रामरावांनी मनगटापर्यंत हात घातला, एक दाणा दाताखाली चावला आणि मान हलवली. झुंबरबाई दाराआडून बघत होती. आणखी वीतभर घाल की रे बाबा हात, ती मनात म्हणत होती. त्यांनी नाही घातला.

हात धुवायला ते परसात आले तेव्हा पाणी द्यायला तीच होती. पदर पुढे ओढून ती हळूच बोलली, "पाव्हने, कनगीत कोपरापावतर हात घालून पाहा."

 रामराव हातावर पाणी घेत म्हणाले, "खाली भुसा हाय. माईत हाय मले."

"अन् तरी?"

"माह्या कनगीत काय येगळं हाय, बाई? मागं अजून पोरी हायेत. ही उजवली म्हंजे सुटलो."

"तिले इचारलं?"

"कोनाले?" रामरावांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तानूले."

त्यांनी उपरण्याला हात पुसले आणि ते आत गेले. ओट्यावर बसून त्यांनी घराची तोंडभरून तारीफ केली. कडूबाने साखर आणायला हाक मारली. झुंबरबाईने साखर आणली, रामरावांच्या हातावर ठेवली आणि मागे सरली. सोयरीक जमली होती.

मग चुलीपुढे बसल्यावर तिला बाप आठवला. भेटायला येताना तो दरवेळी दशम्या बांधून आणायचा. मायनं देल्या, म्हणायचा, आणि तिच्या घरचं काही न खाता तेच गाठोडं सोडून जेवायला बसायचा. त्या दशम्यांना ती मायची माया समजत आली होती. ज्याला कळू नये म्हणून तिने भरल्या पोटाचं सोंग केलं, तो या घरात आपली भाकर आपल्यासोबत घेऊनच पाय ठेवत होता.