नागपंचमीची तारीख

“उत्तम सर बोलताय ना? हॅपी बर्थडे सर! मी समीक्षा, आरोग्य कार्डाच्या कंपनीतून. आज तुम्हाला रक्ततपासणीवर अर्धी सूट आहे.”

टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, उत्तमरावांनी फोन कानाशी नीट धरला. सकाळपासूनचा हा पहिला माणसाचा आवाज. बाकी नुसते संदेश होते: चष्म्याचं दुकान, औषधवाले, बँक. दुबईहून मुलाचा, मितेशचाही आला होता, नाचणाऱ्या केकचा. लेकाला आठवण करून देणाऱ्या ॲपचं नाव खाली होतं.

“दुकानांत जन्मतारीख मी फक्त कल्याणच्या चष्मेवाल्याला दिली होती, बाळ.”

“त्यांच्याकडूनच आली, सर. त्यांची सिस्टीम आमच्याशी जोडलीय. आमच्याकडून पुढे साडीवाल्यांकडे, मिठाईवाल्यांकडे. शुभेच्छा गेल्या की सगळ्यांच्याच ब्रँडचं नाव होतं ना.”

“म्हणजे एका वर्गाचं हजेरीपुस्तक सगळ्या वर्गांत उघडं.”

“एकदम बरोबर!” ती हसली. “पण सर, एक विचारू? आज चाळीस बर्थडे झाले माझे, सगळे साठीच्या वरचे. माझ्या आजोबांचा पण एक जूनच. तुम्ही सगळे एकाच दिवशी कसे काय जन्मलात?”

उत्तमरावांचा जन्म शिकवण्यात गेला होता. ते सावरून बसले.

“डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचं. तारीख घरी कुणालाच ठाऊक नसायची. आमच्या गुरुजींनी एका दुपारी अख्खा वर्ग जन्माला घातला!”

“मग तुमचा खरा कधी?”

“नागपंचमीला.”

त्यांची बायको गोदा त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडायची आणि त्यांना ओवाळायची. ती गेल्या दिवाळीत वारली. मितेशला लहानपणी तो दिवस ठाऊक होता. आता फक्त उत्तमरावांनाच होता.

“बदलू का, सर? इथे बदललं की सगळीकडे जाईल.”

“मुलाच्या फोनवरही?”

“त्याचं ॲप जोडलेलं असेल, तर जाईल ना.”

“बदल मग.”

“तारीख सांगा.”

“श्रावण शुद्ध पंचमी.”

“तिथी नाही चालत, सर. दिवस, महिना, साल लागतं.”

“साल गुरुजींनीच ठरवलेलं, अंदाजाने. त्या वर्षी मोठा पूर आला होता, एवढंच आई सांगायची.”

कळा दाबल्याचे आवाज आले, थांबले. “घेतच नाहीये ओ. यंदाच्या नागपंचमीची तारीख टाकू?”

“पुढच्या वर्षी ती चुकेल.”

समीक्षाचा आवाज एकदम खाली आला. “मीच केला असता फोन त्या दिवशी. पण आम्हाला नंबराचे शेवटचे दोनच आकडे दिसतात. आणि नंबर लिहून घ्यायला पेन आत आणू देत नाहीत.”

“असू दे, बाळ. एक जूनच राहू दे. पुढचे आजोबा खोळंबले असतील.”

ती “थँक्यू सर” म्हणाली आणि लगेच ध्वनिमुद्रित आवाज सुरू झाला: आमच्या प्रतिनिधीशी झालेलं बोलणं कसं वाटलं? एक ते पाचपैकी गुण द्या.

उत्तमरावांनी चष्मा चढवला, आकडा नीट पाहिला आणि पाच दाबला. मग फोन पुन्हा कानाशी नेला. तो बंद झाला होता.