रेषेबाहेरचे काका

काकांच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फिरा, जिने चढा, सगळं करा. फक्त मोठ्या चुंबकापासून लांब राहा."

काकूंनी मान खाली घातली. काकांची सव्वीस वर्षं त्या चुंबकाशेजारीच गेली होती. विद्यापीठाच्या रसायन विभागातलं एनएमआर यंत्र, रेणूची रचना ओळखणारं, ते एकहाती चालवत आले होते.

महिन्याने ते कामावर गेले आणि दाराशीच थांबले. आत चुंबकाचं माणसाहून उंच पांढरं पिंप, त्याभोवती जमिनीवर पिवळी रेषा, अगदी दारापर्यंत आलेली. पेसमेकरवाल्यांनी ती ओलांडायची नाही. त्यांच्या खुर्चीवर नवी ऑपरेटर बसली होती.

"बरं झालं आलात! या मुलांना तुम्हीच समजवा," ती म्हणाली.

काकांनी मुलांना बाहेरच उभं केलं. "हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे इवलासा चुंबक. मोठ्या चुंबकात ते भोवऱ्यासारखं डुलतं. रेडिओलहरींचा टोला दिला की कलतं, आणि सावरता सावरता बारीकसा संदेश सोडतं. तो आपण ऐकायचा."

"सगळ्यांचा सूर एकच?" एका मुलीने विचारलं.

"छे! भोवतीचे इलेक्ट्रॉन कुणाला जास्त झाकतात, कुणाला कमी. म्हणून सूर वेगळे, आलेखाच्या कागदावरची शिखरं वेगळ्या जागी. शेजारच्या कार्बनवर दोन हायड्रोजन असतील तर शिखराचे तीन तुकडे होतात, तीन असतील तर चार."

"म्हणजे शेजाऱ्यांची चहाडी करतं!"

सगळे हसले, काकाही. मग मुलं आत गेली. "काका, चला ना," ती मुलगी म्हणाली. काकांनी नुसता छातीवर हात ठेवला. तिचा चेहरा उतरला.

थोड्या वेळाने ऑपरेटर कागद घेऊन आली. शिखरं फुगलेली, एका अंगाला कललेली.

"शिमिंग बिघडलंय. नमुन्याच्या नळीभर चुंबकाचं क्षेत्र सारखं हवं. सरक, मी बघतो..." बोलता बोलता त्यांचं पाऊल रेषेच्या आत पडलं.

"काका!" ती किंचाळली आणि त्यांना दोन्ही हातांनी मागे ढकललं.

मुलं बघत राहिली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात उभं राहूनच त्यांनी तिला एकेक पायरी सांगितली. दुसरा कागद आला. शिखरं सुईसारखी.

"तुमच्यासारखं जमलं?"

"माझ्याहून छान." ते खोटं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

दुपारी त्यांनी विभागाच्या साहित्य भांडारात बदली मिळावी म्हणून अर्ज दिला. साहेबांनी तो लगेच मंजूर केला. थांबा, असं कुणीच म्हणालं नाही.

घरी काकूंनी विचारलं, "कसा गेला दिवस?"

"मुलं हुशार आहेत गं," ते म्हणाले. टेबलावर डोकं टेकून ते हुंदके देऊ लागले. आजारपणातही काकूंनी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून त्या काकांशेजारी बसल्या.

"जेवायला वाढू?" हुंदके ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"थांब जरा," काका म्हणाले. "बस अशीच."