कडी लागली आणि वाक्यं संपली

दिवसभर दुसऱ्यांची दारं नीट लावून देणाऱ्या माणसाच्या घरी बाथरूमला दोन वर्षं कडी नव्हती, हे सांगून कोणाला पटलं नसतं. पण कुलूपवाल्याच्या घरी तसंच होतं. आत गेलेल्यानं सतत आवाज करत राहायचं, अशी तिथे रीतच पडली होती. कुलूपवाल्याची आई खोकायची, बायको पाढे म्हणायची आणि तो स्वतः शीळ घालायचा. कडीचा विषय निघाला की म्हणायचा, "बघू, करू." हे दोन शब्द त्यानं इतक्या इमानानं वापरले, की गल्लीत त्याचं नावच 'बघूकरू' पडलं. माणूस आळशी नव्हता. गिऱ्हाइकाचं कुलूप उभ्याउभ्या काढून द्यायचा. घरातलं काम त्याच्या हिशेबी काम नव्हतं, एवढंच.

बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीवर होती. रोजच्या दोनशे चादरी. पाच वर्षं वाफ खाल्ल्यावर तिला चौकशीच्या खिडकीवरची जागा हवी होती. तिथे खुर्ची होती, पंखा होता आणि समोर चादरींऐवजी माणसं होती. फक्त ती माणसं इंग्रजीत विचारायची, म्हणून ती इंग्रजीच्या वर्गाला जात होती. जागेचा अर्ज महिनाभर साखरेच्या डब्याखाली कोराच पडून होता. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. मैत्रिणींनी टोकलं की ती म्हणायची, "आधी परीक्षा तर होऊ दे." दाखला मागाहून दिला तरी चालेल, असं अर्जावरच छापलेलं होतं, ते तिनं वाचलं नव्हतं असं नाही.

वर्ग घेणाऱ्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. लोकांच्या थापा तीस वर्षं या टोकाहून त्या टोकाला जोडून दिल्यामुळे त्यांचा नियम एकच होता: वाक्य खरं हवं आणि ताजं हवं. "आज, नाहीतर काल घडलेलं सांगा. खोटं वाक्य कितीही शुद्ध असलं तरी भोपळा. शिळं असलं तरी भोपळा." वाक्य खरं की खोटं, याची त्या चक्क शेजारीपाजारी चौकशी करायच्या.

त्या आठवड्यात बाईंनी 'पुट ऑफ' शिकवलं. म्हणजे आजचं काम पुढे ढकलणं. बाकीचे पेनं चावत बसले. कुलूपवाल्याची बायको लिहीतच सुटली. माय हजबंड पुट ऑफ फिक्सिंग द लॅच. ही पुट ऑफ चेंजिंग द बल्ब. ही पुट ऑफ कटिंग हिज नेल्स.

"एकाच माणसावर एकोणीस वाक्यं?" बाईंनी चष्मा वर केला.

"अजून स्वयंपाकघराकडे वळलेच नाहीये, बाई."

दहापैकी दहा मिळाले. शिवाय लाल शाईत शेरा: 'व्हेरी रिच मटेरियल.'

घरी तिनं तो शेरा कौतुकानं दाखवला. नवऱ्यानं विचारलं, "हे मटेरियल म्हणजे कोण?"

"तुम्ही."

तो खूश झाला. मग तिनं वाक्यं वाचून अर्थ सांगितला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. सासूबाई डोळे पुसत हसत होत्या. "वाच गं, ते नखांचं परत वाच."

"आई, तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"खऱ्याच्या. सही हवी असेल तर सहीसुद्धा करते."

त्या दिवशी बाथरूममधून शीळ आली नाही. आत कोणी नाही असं समजून सासूबाई दार ढकलणार होत्या, थोडक्यात निभावलं.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला दुपारीच दुकान बंद करून पेटी घेऊन घरी आला. वही समोर उघडी ठेवली आणि पहिल्या वाक्यापासून कामाला लागला. काम झालं की त्या वाक्यावर काट. कडी लागली, काट. बल्ब बदलला, काट. गुरुवारी संध्याकाळी त्यानं पायरीवर बसून नखं कापली, एकोणिसावी काट मारली आणि वही बायकोपुढे सरकवली.

"उद्या तोंडी परीक्षा ना? हं. आता बोल माझ्यावर."

ती आधी नव्या कडीकडे बघत राहिली. दोनदा लावून पाहिली, काढून पाहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "अहो, दोन वर्षं घसा फोडला तेव्हा हलला नाहीत. आणि आज? परीक्षेत बाई ज्याला जे क्रियापद जमलं तेच देतात, म्हणजे मला 'पुट ऑफ'च. आता खरं आणि ताजं मी सांगू काय उद्या?"

"मी घर दुरुस्त केलं तरी माझंच चुकलं?"

"मेल्या, कधी करावं यालाही अक्कल लागते," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस थांबला असतास तर काय झालं असतं?"

थांबला नाहीस म्हणून ओरडा खायची त्याची ही पहिलीच वेळ. शुक्रवारी तो मुकाट्यानं दुकान बंद करून तिच्याबरोबर बाईंच्या घरापर्यंत गेला आणि पायरीवर बसला. दार उघडंच होतं.

आत बाईंनी चिठ्ठी पुढे केली. पुट ऑफ. तीन वाक्यं.

"माय हजबंड..." तिनं सुरुवात केली.

"कडी लागली म्हणे," बाई म्हणाल्या. "बल्बसुद्धा. मला कळलंय."

तिनं पदर बोटाला गुंडाळला. सोडला. परत गुंडाळला. शेवटी ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आय पुट ऑफ फिलिंग अ फॉर्म." थोड्या वेळानं, "येस्टरडे आय पुट इट ऑफ अगेन." आणि मग अगदी हळू, "आय पुट ऑफ टेलिंग माय हजबंड."

"व्हाय?"

"बिकॉज आय ॲम अफ्रेड." पुढचं तिला इंग्रजीत सापडेना. "चादर काही विचारत नाही हो, बाई. खिडकीवर माणूस विचारणार, आणि मला समजलंच नाही तर?"

बाईंनी विचारलं, "मुदत कधी?"

"आज. पाचपर्यंत."

"सव्वाचार झाले. मार्कांचं नंतर बघते. आधी जा आणि तुझी वाक्यं शिळी करून ये!"

पायरीवर नवरा उभा होता. तिनं अर्जाचं सगळं एका दमात सांगून टाकलं. "महिनाभर? साखरेखाली?"

"सांगणार होते."

"कधी?"

"म्हटलं, बघू."

हरवलेला भाऊ भेटावा तसा त्याचा चेहरा फुलला. पण घर येईपर्यंत तो तिच्या दोन पावलं पुढेच चालत होता. घरी सासूबाई अर्ज आणि पेन हातात घेऊन दारात उभ्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"डबा रोज पुसतं कोण?"

"मग बोलला का नाहीत, आई?"

"मीही बघूच म्हटलं. त्याची आई आहे मी."

नवऱ्याच्या पाठीवर कागद ठेवून तिनं अर्ज भरला. इस्पितळाच्या कचेरीत पोचले तेव्हा पाचला बारा मिनिटं होती आणि खिडकीमागच्या कारकुनानं पिशवी खांद्याला लावली होती. मान वर न करता तो म्हणाला, "टुमारो."

कुलूपवाल्यानं त्या माणसाला बरोबर ओळखलं. ही कारागिरी त्याच्या रोजच्या हाताखालची होती. तो तोंड उघडणार, इतक्यात बायकोनं त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"सर, टुडे इज द लास्ट डे. प्लीज डू नॉट पुट इट ऑफ."

कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पिशवी खाली ठेवली आणि शिक्का शोधता शोधता भराभर काहीतरी विचारलं. तिला त्यातलं 'बिफोर' तेवढं धरता आलं.

"स्लोली, सर."

"हॅव यू अप्लाइड बिफोर?"

"नो, सर. आय पुट इट ऑफ."

कारकून हसला आणि शिक्का उमटला. पावतीवर मुलाखतीची तारीख होती. ती तिनं तिथेच उभी राहून तीनदा वाचली. परतताना नवरा म्हणाला, "माणसानं विचारलं, तुला समजलं."

"दुसऱ्यांदा समजलं."

"चादरीपेक्षा बरं."

घरी आले तर बाथरूमची कडी आतून लागलेली, आणि आत सासूबाई मन लावून खोकत होत्या.

"आई, कडी आहे आता!" मुलगा ओरडला. "कशाला खोकतेस?"

"असू दे रे. मोडेन सवय. बघू."

सूनबाईंनी वही उघडली, एकोणीस काटांच्या खाली विसावा आकडा घातला आणि लिहायला घेतलं, माय मदर-इन-लॉ...