काकीचा वर गेलेला हात

दांडी गावात तेजलचं आणि शकूकाकीचं घर एका भिंतीचं, पण बोलणं बंद. भांडण अंगणाच्या हद्दीचं. बोंबील वाळवायची बांबूंची वलांडी कुणी कुठवर रोवायची, यावरून एका सकाळी तेजलची आई आणि काकी हातघाईवर आल्या.

तेजल पालघरला चित्रकला शिकत होती. त्या सकाळी ओट्यावर बसून तिने बांबूची काडी काळ्या शाईत बुडवली आणि काकीला कागदावर उतरवलं. वर गेलेला हात, ताणलेली मान, उघडं तोंड. डोळ्यांच्या जागी नुसते दोन फटकारे.

पालघरच्या प्रदर्शनात ते चित्र 'क्रोध' म्हणून लागलं. लोक बिचकून थांबत. कुणीतरी काढलेला फोटो गावभर फिरला. बोईसरच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायका काकीला डिवचू लागल्या, "टोपली सरकवू का गं? मारशील नाय ना?"

प्रदर्शन संपल्यावर आईने ते चित्र मुद्दाम दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. काकीला जातायेता दिसावं म्हणून.

काकी उंबरठ्यावर आली. ओरडली नाही.

"ही मीच. पण समोर कोण होतं ते कुठं हाय? माजा बांबू उपटून कोण उभी होती? तू बघत होतीस ना?"

तेजलने बघितलं होतं.

"निघ इथून," आई म्हणाली.

काकी गेल्यावर तेजलने आईला कागदावर काढलं. उपटलेला बांबू छातीशी धरलेला, ओठ घट्ट मिटलेले आणि त्यांच्या कोपऱ्यात हसू. ते हसू काढताना आपला हात जराही अडला नाही, याची तिला भीती वाटली.

आईने कागद उचलला. "मी अशी दिसते तुला?"

"त्या दिवशी दिसलीस."

आईने तो टराटरा फाडला. ओल्या शाईने तिची बोटं काळी झाली.

तेजल भिंतीवरचं काकीचं चित्र उतरवून काकीकडे गेली.

"आता आणलंस? सगळ्या गावाने बघितल्यावर?" काकीने ते चुलीत सारलं. "दया नको तुजी. तुजी आय काढ. मोठी काढ. तिथंच लाव, पालघरला." आणि दार लावून घेतलं.

पुढच्या प्रदर्शनात तेजलने आईचं चित्र पुन्हा काढून दिलं. काकी ते बघायला गेली नाही. आई आता तेजलशीही बोलत नाही. ताट वाढते, पायाने पुढे सरकवते आणि पाठ फिरवते.