शाईची सपात

शाई खारूला चावली तेव्हा दुकानात मी होतो, माझा लेक होता आणि त्याच्या शिवणयंत्राचा खडखडाट होता. खडखडाट एकदम बंद पडला.

खारू म्हणजे माझी नात, वय वर्षं नऊ. शाळा सुटली की ती आमच्या बूट-चपला दुरुस्तीच्या दुकानात येते आणि कामाच्या बाकाखाली शाईला टेकून गृहपाठ करते. शाई आमची काळीभोर कुत्री. खारूच्या मांडीवरच लहानाची मोठी झालेली. त्या मंगळवारी खारूने फक्त बाकाखाली हात घातला. गिऱ्हाइकाच्या पोराची एक लोकरी सपात तिथे पडली होती, ती उचलायला. शाईने दात विचकले आणि आम्ही हूं की चूं करायच्या आत तिचं मनगट धरलं.

खारू रडलीसुद्धा नाही. पांढरीफटक पडून हाताकडे बघत राहिली. "आजोबा, हिने मला ओळखलं नाही?"

साबण लावून चांगला पाव तास हात नळाखाली धरला आणि दवाखान्यात नेऊन आणलं. जखम ओरखड्याएवढीच होती आणि शाईच्या लशी वेळेवर झालेल्या होत्या. पण लेकाचं डोकं फिरलं होतं. कातडी कापायच्या फळीवर त्याने खडूने एक फोन नंबर लिहिला. शहराबाहेरच्या एका बागवाल्याचा, राखणीला कुत्री हवी असलेल्या माणसाचा.

"घरच्या पोरीला चावणारं जनावर मला नको," तो म्हणाला. "रविवारी तो घेऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाई आळस देताना आडवी झाली आणि मला तिचं पोट दिसलं. फुगलेलं, आचळं टरारलेली. एकाला बोट लावलं तर दुधाचा थेंब आला.

"हिला पिल्लं होणार!" खारू किंचाळली.

"कशी होतील?" लेक म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी माजावर होती तेव्हा मीच साखळीला धरून फिरवत होतो."

"साखळीच्या दुसऱ्या टोकाला तू होतास ना? मग झालंच," मी म्हणालो. "अरे, पोटुशी आहे, म्हणून चावली! काल ती सपात जवळ घेऊन बसली होती, आज कोपऱ्यातली चिंध्यांची टोपलीही तिने उकरून ठेवलीय. घर करतेय ती."

मी सगळी सूत्रं हातात घेतली. मुलांना समजावून सांगायची मला भारी हौस. सकाळ-संध्याकाळ कोमट फडक्याने शाईची आचळं शेकायची, हलक्या हाताने दूध पिळून काढायचं, ताटलीत दुप्पट जेवण वाढायचं. आणि खारू लांब स्टुलावर बसून सगळं वहीत टिपून घ्यायची. दोन दिवसांत दूध अंमळ वाढलंच. मी खूश.

शुक्रवारी आम्ही तिघं शाईला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं. पडद्यावर करडा धूर हलत होता.

"किती आहेत?" खारूने विचारलं.

"एकही नाही."

आम्हाला वाटलं, बाई नीट बघत नाहीयेत. त्यांनी पुन्हा यंत्र फिरवलं, आम्हाला दाखवलं. "पोट रिकामं आहे. पिल्लू नव्हतंच कधी."

"मग दूध?" मी विचारलं.

"माज संपला की कुत्रीचं शरीर साधारण दोन महिने तयारी करतं, पिल्लू असो नसो. मग तयारी संपते आणि शरीर सांगतं, आता झाली पिल्लं. काही कुत्र्या ते इतकं मनावर घेतात की दूध उतरतं. मग पिल्लू शोधायला लागतात. हिला सपात मिळाली." त्या खारूकडे वळल्या. "तुला ओळखलं होतं गं तिने. तू तिचं पिल्लू उचलतेयस असं वाटलं तिला."

खारूने मनगट छातीशी धरलं.

"दूध कुणी पिळत होतं का? पिळलं, शेकलं की शरीराला वाटतं, पिल्लं पिताहेत. आणखी येतं."

खारूने वहीवरून मान वर केली आणि बोट सरळ माझ्याकडे केलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाईंनी एकेक गोष्ट सांगितली. हात लावायचा नाही. जेवण नेहमीएवढंच. फिरणं जास्त. चाटू नये म्हणून अंगात जुना बनियन. आचळ लाल, गरम झालं, ती पाणी ढोसायला लागली किंवा मागून घाण स्राव आला तर लगेच आणायचं. "नाहीतर दोन-तीन आठवड्यांत ओसरेल. आणि सपात काढा. हातातून नको, ती बाहेर असताना."

रस्त्यात लेक एवढंच म्हणाला, "बागवाल्याला तीन आठवडे थांबायला सांगतो. वर एक दिवस नाही."

मी शाईला लांब फिरवून आणलं, तोवर लेकाने सपात कपाटात टाकली, टोपली उचलली. शाई आत आली आणि थेट बाकाखाली गेली. मग फडताळापाशी. दुरुस्तीला आलेल्या एकेका बुटात तिने नाक घातलं. बारीक, चिरका आवाज काढत होती.

"ती शोधतेय, तर तिला काय सांगायचं?" खारूने विचारलं.

 

लेक यंत्र सोडून उठला. "सांगायचं काही नाही," म्हणाला. "चल, तिला परत फिरवून आणू." आणि साखळी त्यानेच घेतली.

पुढचे दिवस मी हात खिशात घालून बसलो. शाई खारूच्या बनियनमध्ये फिरत होती. "गणवेश आला, आता पाटी घ्या हिला," लेक म्हणायचा; पण फळीवरचा नंबर त्याने पुसला नव्हता. दुसरा आठवडा सरता सरता दूध आटलं.

विसाव्या दिवशी सपातवालं गिऱ्हाईक पोराला घेऊन आलं. मी कपाटातून सपात काढून दिली. पोराने ती मिरवली आणि पाडली, नेमकी शाईच्या पुढ्यात.

 मी "खारू, थांब" म्हणेपर्यंत ती वाकली होती आणि सपात तिच्या हातात होती. शाईने सपात हुंगली. मग खारूचं मनगट हुंगलं, जिथे ओरखडा होता तिथे. आणि जबडा ताणून मोठी जांभई दिली.

लेकाने बाहीने फळी पुसली. पुसलेल्या जागी खडूने पुढच्या महिन्यातली एक तारीख लिहिली आणि खाली लिहिलं : शाईचं नसबंदीचं ऑपरेशन, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको.